टॉर्चबाईंची खोली

आमच्या कचेरीत त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘टॉर्चबाई’. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक आहे. ते कुणी पाडलं, याबद्दल त्यांचा माझ्यावर संशय आहे. संशय खरा आहे, पण पुरावा नाही, त्यामुळे गेली अकरा वर्षं आमचं बरं चाललं आहे.

कचेरी म्हणजे विद्यापीठाच्या मागच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दुसऱ्या देशांतली मुलंमुली एका सत्रासाठी, फार तर वर्षभरासाठी आमच्याकडे शिकायला येतात आणि आमची तिकडे जातात. येणाऱ्यांना राहायला जागा शोधून देणं हे आमचं काम. जागा तीन तऱ्हेच्या. एक वसतिगृह: पलंग, टेबल, खुर्ची आणि भिंतीपलीकडे कुणीतरी गाणं शिकणारा. दुसरी, विद्यापीठाचे फ्लॅट: चौघांत एक स्वयंपाकघर आणि भांडी कुणी घासायची यावर सत्रभर न संपणारा वाद. तिसरी, घरगुती खोली. गावातल्या कुटुंबाने आपल्या घरातली एक खोली द्यायची आणि विद्यार्थ्याने घरच्यासारखं राहायचं. अर्ज करणाऱ्या दहांतले सहा ही तिसरी तऱ्हा मागतात. एकाने मला पत्र लिहून विचारलं होतं की घरातल्या माणसांशी रोज बोलावं लागतं का. मी उत्तर दिलं की बोलावं लागत नाही, पण ती माणसं बोलतात.

घरगुती खोल्यांची यादी मी ठेवतो. पण यादीत खोली घ्यायची की नाही, हे बाई ठरवतात. घरोघर जाऊन खोल्या तपासणं ही त्यांची नोकरी. त्याआधी तरुणपणी त्या विजेचे मीटर वाचायच्या, म्हणजे लोकांच्या जिन्याखाली आणि दारामागे डोकावण्यात त्यांची हयात गेली आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. उंची बेताची, आवाज खालचा, गुडघे कुरकुरणारे, आणि खांद्यावरच्या पिशवीत दोन सेलचा जाडजूड टॉर्च. भर दुपारी, ऊन खोलीत आलेलं असताना त्या टॉर्च काढतात आणि तो फरशीवर आडवा ठेवून लावतात. उजेड जमिनीलगत गेला की फरशीवर कुठे काय उभं होतं, कुठे पावलं जास्त पडतात, कालच कुठला पलंग ओढून नेला, सगळं दिसतं. घरमालक तोंडाने काहीही सांगो, बाईंचा विश्वास फरशीवर.

त्या एकच प्रश्न विचारतात. “ही खोली कुणाची?”

लोक म्हणतात, रिकामीच असते हो. पाहुण्यांसाठी ठेवली आहे. कुणीच वापरत नाही. हे ‘कुणीच’ ऐकलं की बाईंच्या मनात पाल चुकचुकते. मग त्या दारामागचा ओला टॉवेल बघतात. पलंगाच्या उशापाशी भिंतीवर पेन्सिलीने सोडवलेली गणितं बघतात. दिव्याच्या बटणाभोवतीचा रंग किती मळलाय ते बघतात, कारण रिकाम्या खोलीचा दिवा कुणी दिवसातून दहादा लावत नाही. घरातली मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आहे, तिची खोली द्यायची आहे, असं कुणी सरळ सांगितलं तर त्या हरकत घेत नाहीत. पण घरातच असलेल्या माणसाला उठवून कोपऱ्यात बसवलं असेल, तर खोली बाद. फॉर्म भरून होईपर्यंत त्या घरातला चहा पीत नाहीत आणि मलाही पिऊ देत नाहीत. मी कधी एकटा तपासणीला गेलो, तर परत आल्यावर फॉर्मवर कपाचा गोल उमटलाय का ते उजेडात धरून बघतात.

यामागे एक गोष्ट आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एक खोली मंजूर केली होती. हवेशीर, दोन खिडक्या, नवी चादर. रिकामीच असते, असं घरच्यांनी सांगितलं आणि बाईंनी ते खरं धरलं. परदेशातून आलेली मुलगी चौथ्या दिवशी दुपारी वर्गातून परतली, तर तिच्या पलंगावर एक म्हातारा गाढ झोपलेला. मुलीने आरडाओरडा केला, शेजारी जमले, तक्रार झाली, चौकशी बसली. म्हातारा त्या घरातला आजोबा होता. वीस वर्षं तो त्याच पलंगावर दुपारची झोप घेत होता. त्याचं अंथरूण जिन्याखाली हलवलंय हे त्याला सांगितलं होतं, पण झोप आली की पाय सवयीने तिकडेच वळायचे. मुलगी दुसरीकडे राहायला गेली. आजोबाला मात्र सुनेने, मुलाने, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी फैलावर घेतलं, जणू त्याने काही वाईट केलं होतं. बाई चौकशीसाठी पुन्हा गेल्या, तेव्हा तो जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्यांच्याकडे वळायलाही तयार नव्हता. ही गोष्ट बाईंनी मला एकदाच सांगितली. सांगून झाल्यावर सगळा राग त्यांनी माझ्या फायलींवर काढला.

त्यानंतर त्यांनी फॉर्ममध्ये एक रकाना घालून घेतला: ‘खोली सध्या कोण वापरते’. हा रकाना आमच्या विभागप्रमुख साहेबांना कधीच आवडला नाही.

बाई चुकत नाहीत असं नाही. एका निवृत्त मास्तरांची उत्तम खोली त्यांनी दारामागे काठी सापडली म्हणून बाद केली होती. मागाहून कळलं की मास्तरांना काठ्या जमवायचा नाद आहे, माळ्यावर आणखी तीस आहेत. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आज नाद आहे, उद्या लागेल.” खोली बाद ती बादच. हा स्वभाव संसर्गजन्य आहे हेही सांगून टाकतो. बहिणीकडे गेलो की माझी नजर आपोआप दारामागे जाते. मागच्या वेळी तिने मला बाहेरच्या खोलीतच बसवलं आणि आत यायचं काम नाही म्हणून बजावलं.

यंदा वसतिगृहाचे दोन मजले न्हाणीघरांच्या दुरुस्तीसाठी बंद होते. जवळजवळ चाळीस जागा एकदम गेल्या. सत्र सुरू व्हायला दहा दिवस उरले तरी नऊ मुलांना छप्पर नव्हतं. साहेब रोज सकाळी दारात उभे राहून ‘किती उरले’ विचारायचे आणि बाईंना जरा नजर सैल सोडा म्हणून सुचवायचे. बाई ऐकलं न ऐकलंसं करून पिशवी खांद्याला लावायच्या. त्याच आठवड्यात घरगुती खोल्यांचे सात अर्ज आले. सातवा उघडला आणि मी खुर्चीत सरळ झालो. पत्ता बाईंचा होता. अर्जदार त्यांचा मुलगा.

बाईंचं घर मला माहीत होतं. दोन वेळा फायली पोचवायला गेलो होतो. तिसरा मजला, बैठक, स्वयंपाकघर आणि झोपायच्या दोन खोल्या. एक मुलाची आणि सुनेची, दुसरी बाईंची. तिसरी नाही. मग द्यायची खोली कुठली, हे कळायला टॉर्च लागत नव्हता. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो, माणूस गप्प. सून हाडांच्या दवाखान्यात लोकांकडून व्यायाम करून घेते. दोघांशी माझं भांडण नव्हतं, पण तो अर्ज वाचून माझं टाळकं फिरलं. वीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना जिन्याखाली जाऊ दिलं नाही, तिलाच पोटच्या पोराने उठवावं? आणि तेही आमच्याच कचेरीच्या फॉर्मवर?

दोन दिवस मी तो अर्ज खणात दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी बाईच म्हणाल्या, आमच्या घरचा अर्ज आला असेल, नातेवाइकाचं घर मला तपासता येत नाही, तू जाऊन ये. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. खोल्या कमी पडतायत, आपण नाही द्यायची तर कुणी द्यायची, असंही त्या म्हणाल्या. हे वाक्य साहेबांच्या तोंडी शोभलं असतं. बाईंच्या तोंडी ते पढवल्यासारखं वाटलं, आणि यात कुठेतरी पाणी मुरतंय याची मला खात्रीच पटली. जाताना त्यांनी आपला टॉर्च माझ्या हातात दिला आणि चहा घेऊ नकोस म्हणून सांगितलं.

मी सकाळी अकराला गेलो. दार सुनेने उघडलं. दवाखान्यातून रजा घेऊन थांबली होती, डोळे सुजल्यासारखे. मी मनाशी नोंद केली: तयारी चांगली आहे. बैठकीतून जाताना सोफ्याच्या मागे गुंडाळलेली गादी आणि वर बाईंची चौकड्यांची शाल दिसली. म्हणजे उचलबांगडी आधीच झाली होती.

खोलीत शिरलो आणि थक्क झालो. अकरा वर्षांत इतकी स्वच्छ खोली मी पाहिलेली नाही. कपाट रिकामं, आतले कागदही बदललेले. दारामागचा खुंट्यांचा लाकडी पट्टा काढून भिंतीतली भोकं पांढऱ्या लांबीने बुजवलेली, वर काचकागद फिरवलेला. बटणाभोवतीचा मळ पुसलेला. टॉर्च फरशीवर आडवा लावला, तर कुठे पायाची वाट नाही की पलंगाच्या पायांचे ठसे नाहीत. ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, मग पुन्हा ओल्याने पुसल्याशिवाय हे होत नाही. एका माणसाची तीस वर्षांची वस्ती कुणीतरी इतक्या चोखपणे नाहीशी केली होती की मला शिसारी आली. मी वळलो आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात प्रश्न विचारला.

“ही खोली कुणाची?”

“आईंची,” सून म्हणाली.

हे उत्तर आजवर मला कुणीही दिलं नव्हतं. मग संशयाने पुन्हा डोकं वर काढलं. सासू कशी तपासते हे हिला माहीत आहे, खोटं पकडलं जाणार हे ठाऊक आहे, म्हणून खरं बोलून मला गुंडाळते आहे. मी विचारलं, मग त्या झोपणार कुठे? बैठकीत, ती म्हणाली. गेले आठ दिवस तिथेच झोपतायत, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. भोकं कुणी बुजवली? आईंनीच, गेल्या रविवारी स्टुलावर बसून. फरशी? तीही त्यांनीच. आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो, हात लावू देत नव्हत्या.

अर्ज तर तुमच्या नवऱ्याचा आहे, मी म्हणालो. तर म्हणे फॉर्म बाईंनीच घरी आणला, मुलाच्या पुढ्यात ठेवला आणि सही कर म्हणाल्या. ऑफिसात खोल्या कमी पडतायत, इतरांना मी सांगते आणि माझ्याच घरचे मागे राहिले तर बरं दिसत नाही. तो नको म्हणाला, तर म्हणाल्या, तुम्हाला माझ्या कामाची लाज वाटते का? यावर तो काय बोलणार. सही केली आणि दोन दिवस जेवला नाही धड.

हे सगळं ती मान खाली घालून सांगत होती आणि मी एका शब्दावरही विश्वास ठेवत नव्हतो. स्वतःची खोली कुणी अशी स्वतःच्या हाताने पुसतं का? मी टॉर्च घेऊन पुन्हा एकदा कोपरान् कोपरा बघितला. आणि मग सापडलं. खोलीला लागून छोटं न्हाणीघर आहे. त्याच्या दाराशेजारी, दार उघडं असलं की मागे झाकली जाणारी भिंतीची पट्टी आहे. मी दार लोटलं. तिथे पंजाएवढा डाग होता. करडा, तेलकट, मधोमध गडद आणि कडेला बोटांच्या चार पुसट रेघा. वर्षानुवर्षं एकाच जागी हात टेकल्याशिवाय असा डाग पडत नाही. डागाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या.

“हे राहिलं पुसायचं,” मी म्हणालो. आवाजात विजय होता, खोटं कशाला सांगू.

“ते त्यांना माहीत नाही,” सून म्हणाली. “सकाळी चष्मा लावायच्या आधी उठतात. पलंगावरून उठल्या की तोल सावरायला हात तिथे जातो. रोज. त्यांना वाटतं त्या सरळ चालत जातात.”

फुल्या तिच्या होत्या. दवाखान्यात ती हेच काम करते, माणसाचा तोल कुठे जातो ते बघते. सासूचा तोल जातोय हे तिच्या वर्षभरापूर्वीच लक्षात आलं होतं. एकदा तिने काठी आणली, तर बाईंनी ती त्याच दिवशी खालच्या रखवालदाराला देऊन टाकली आणि महिनाभर सुनेशी मोजकंच बोलल्या. म्हणून या वेळी तिने आणि नवऱ्याने गुपचूप ठरवलं. भिंतीला धरायची दांडी बसवायची, बाई कचेरीत असतानाच. एकदा बसली की काढायला सांगणार नाहीत. माप घ्यायला तिने टेप आणली, डागाची उंची मोजली, ती तेहतीस इंच भरली, फुल्या केल्या, आकडे चिठ्ठीवर लिहिले. आधी सांगितलं असतं तर बसवू दिली नसती, ती म्हणाली.

मी अजूनही कच्चा नव्हतो. दांडी कुठे आहे म्हणून विचारलं. तिने स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून एक लांबट खोकं काढलं. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दांडी, स्क्रूची पुडी आणि दुकानाची पावती. मी पावतीवरची तारीख बघितली, मग पिशवीतून अर्ज काढून त्यावरची तारीख बघितली. पावती तीन आठवडे आधीची होती. या दोघांना मी दोन दिवस मनातल्या मनात काय काय बोललो होतो, ते आठवून तोंड लपवायला जागा उरली नाही. तिने चहा ठेवला. मी घेतला.

कचेरीत आलो तेव्हा बाई एकट्याच होत्या. साहेब बैठकीला गेले होते. मी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. रकाने कोरे बघून त्यांनी चष्मा वर सरकवला.

“काय झालं? काय सापडलं तुला तिथे? काही सापडण्यासारखं ठेवलेलंच नाही.”

“बाई, तुम्ही हे का केलंत?”

त्यांनी फॉर्म पालथा केला. मग म्हणाल्या की महिन्यापूर्वी त्यांना स्वतःच्या पलंगावर मापाची टेप सापडली. नंतर कचऱ्याच्या डब्यात फाडलेली चिठ्ठी, तिच्यावर इंचांचे आकडे, सुनेचं अक्षर. मुलगा आणि सून स्वयंपाकघरात हळू बोलत असायचे आणि त्या गेल्या की गप्प व्हायचे. अशी मापं त्यांनी शेकडो घरांत पाहिली होती. आधी टेप येते, मग कुजबुज, मग एक दिवस म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून गोड आवाजात सांगतात. “मला ते गोड बोलणं ऐकायचं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी मागितली असती तर मी दिली नसती. भांडले असते, आणि मग त्याच घरात राहायचं. म्हणून मागायच्या आधी दिली.”

इतकी वर्षं मी या बाईंच्या नजरेला वचकून होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी सगळं सांगितलं. डाग, फुल्या, काठी, माळ्यावरची दांडी.

“पढवलं त्यांनी तुला,” बाई म्हणाल्या. “चहा घेतलास?”

“घेतला.”

“मग तुझी तपासणी बाद.”

“पावती तुमच्या अर्जाच्या तीन आठवडे आधीची आहे. मी तारखा ताडून बघितल्या. आणि चिठ्ठीवर तेहतीस इंच लिहिलं होतं की नाही?”

तेहतीसच लिहिलेलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला. तेहतीस इंचांचा पलंग नसतो की कपाट नसतं, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी ते आलंही असतं. त्या उठल्या. उठताना त्यांचा उजवा हात शेजारच्या फायलींच्या कपाटाकडे गेला, तिथे क्षणभर टेकला आणि मग त्या सरळ झाल्या. हे मी रोज बघत होतो आणि कधीच बघितलं नव्हतं. कपाटाचा हिरवा रंग तेवढ्याच जागी उडून पत्रा चमकत होता. बाईंनी आपल्या हाताकडे बघितलं, मग पत्र्याकडे बघितलं. पिशवी उचलली आणि साहेबांची वाट न बघता त्या घरी गेल्या. तेव्हा अडीच वाजले होते. अकरा वर्षांत त्या पाचच्या आधी गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या एक तास उशिरा आल्या. आल्या आल्या त्यांनी तो अर्ज माझ्याकडून मागून घेतला, त्यावर ‘खोली उपलब्ध नाही’ असं लिहिलं, आणि ज्या मुलासाठी ती जागा धरली होती त्याला पंधरा दिवस फ्लॅटमधल्या बैठकीत घडीच्या पलंगावर झोपायला तयार आहेस का म्हणून विचारायला मला सांगितलं. मुलगा तयार झाला. साहेब दारात येऊन ‘किती उरले’ विचारून गेले. बाई फायली चाळत होत्या, पण पान उलटत नव्हत्या.

दुपारी त्या आपण होऊन बोलल्या. दांडी काल संध्याकाळीच बसवली. मुलाने भोकं पाडली, सुनेने धरून दाखवलं की हात कुठे ठेवायचा, उठताना वजन कुठे टाकायचं. चांगली शिकवते, त्या म्हणाल्या, दवाखान्यातले लोक तिला का मानतात ते कळलं. सगळं झाल्यावर दोघी पलंगावर बसल्या होत्या. मुलगा लांबी खरवडून खुंट्यांचा पट्टा पुन्हा ठोकत होता.

“मी तिला विचारलं, मला सरळ का नाही विचारलंस?” बाई म्हणाल्या. “ती म्हणाली, आई, तुम्हाला काही विचारायची भीती वाटते. लग्न होऊन आल्यापासून वाटते. मी घरात काही ठेवलं की तुम्ही ते का ठेवलं असेल ते शोधता.”

मी त्यांचा टॉर्च पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवला.

“नऊ वर्षं झाली तिला येऊन,” बाई म्हणाल्या. “नऊ वर्षं ती माझ्याच घरात मला घाबरून राहते. गावातल्या निम्म्या घरांत मी जाऊन आले, कोण कुठे कोपऱ्यात बसलंय ते बरोबर हुडकलं. ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होती.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावर येऊ दिलं. मग फॉर्मांचा गठ्ठा पुढे ओढून त्या म्हणाल्या, सहा खोल्या बघायच्या राहिल्यात, चल.